रात्रीचा रकाना: कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर घरी केलेल्या शुश्रूषेचं एक प्रकरण

रुग्ण ७१ वर्षांचे गृहस्थ. गुदाशयाच्या खालच्या भागात कर्करोग होता. तो भाग काढून आतड्याची दोन टोकं जोडली होती, आणि जोड भरून येईपर्यंत त्यावरून मळ जाऊ नये म्हणून लहान आतड्याचा एक वेढा पोटावर बाहेर काढून ठेवला होता. याला तात्पुरती इलिओस्टॉमी म्हणतात. पोटावरच्या त्या तोंडाला स्टोमा म्हणतात, आणि मळ गोळा करणारी पिशवी त्यावर चिकटवलेली असते. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली आणि सातव्या दिवशी घरी सोडलं. घरात ६७ वर्षांची पत्नी, तिचे गुडघे अधू. मुलीने रजा काढली होती. मुलगा दूर राहणारा. मी घरोघरी जाऊन शुश्रूषा करणारी परिचारिका. घरची व्यवस्था लावून देणं माझ्याकडे होतं, आणि या प्रकरणात जे चुकलं त्यातला मोठा वाटा माझा आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. रुग्णाला मी काका म्हणत असे, इथेही तसंच लिहिते.

घरी येण्याआधी

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी मी वॉर्डात जाऊन तिघांना भेटले. मुलगा फोनवर होता. त्याचं म्हणणं, चोवीस तासांचा माणूस ठेवू, पैशांचं मी बघतो. मुलीचं म्हणणं, परका माणूस कशाला, मी आहे ना. काकू एवढंच म्हणाल्या, "घरी आले की बरे होतील." काका पलंगावर बसून हे सगळं ऐकत होते. त्यांना कोणी काही विचारलं नाही. मीही नाही.

मुलीचं पारडं जड ठरलं. तिला मी तीन गोष्टी शिकवल्या: पिशवी रिकामी करणं, पिशवी बदलणं आणि पोटाच्या कातडीखाली द्यायचं इंजेक्शन. पोटातल्या कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका काही आठवडे राहतो, म्हणून रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन एकूण २८ दिवस द्यायचं होतं. सात झाले होते, एकवीस उरले होते. पहिली तीन मी दिली, पुढची दोन तिने माझ्यासमोर दिली, त्यानंतर ती एकटी देऊ लागली. हात थरथरायचा, पण पद्धत अचूक होती. जखमेपासून आणि स्टोमापासून लांब, कातडी चिमटीत धरून, सुई सरळ आत, नंतर चोळायचं नाही. शिकताना ती एकदाही "जमणार नाही" म्हणाली नाही.

मी एक वही आखून दिली: तारीख, वेळ, पिशवीतून निघालेलं प्रमाण मिलीलीटरमध्ये, ताप, औषधं. वजनासमोर मी "आठवड्यातून एकदा" असं लिहिलं. त्या एका ओळीचं मला अजून वाईट वाटतं.

पहिला आठवडा

बाहेरून पाहणाऱ्याला ही व्यवस्था आदर्श वाटली असती. पलंग न्हाणीघराजवळच्या खोलीत हलवला होता. उशाशी पाण्याचा तांब्या. काकूंनी औषधांचा डबा वारांप्रमाणे लावून ठेवला होता. पाच किलोपेक्षा जड काही उचलायचं नाही, हे सगळ्यांना पाठ. मुलगा दिवसातून तीनदा फोन करायचा, "बाबा कसे आहेत?" आणि दर वेळी उत्तर मिळायचं, "बरे आहेत."

छोटे घोर लागले, ते सुटलेही. तिसऱ्या दिवशी काकांना शौचाची भावना झाली आणि गुदद्वारातून पांढरट चिकट स्राव आला. जोड फाटला की काय, असं वाटून मुलगी घाबरीघुबरी झाली. मळ वरून वळवलेला असला तरी खालचं आतडं श्लेष्मा तयार करत राहतं आणि तो अधूनमधून बाहेर येतो, हे मी आधी सांगायला हवं होतं. ताप, ओटीपोटात वाढत जाणारी वेदना, दुर्गंधीयुक्त पू किंवा नाडीचे वाढलेले ठोके यांपैकी काही असतं तर गोष्ट वेगळी होती. त्यातलं काही नव्हतं. पुसताना स्टोमामधून थेंबभर रक्त आलं, तेव्हाही असाच फोन आला. स्टोमाला स्पर्शाची वेदना नसते, पण त्याचं अस्तर नाजूक असल्याने घासलं की रक्त येतं. लालसर, ओलसर असेल तर काळजी नाही. जांभळा किंवा काळपट दिसला तर थांबायचं नाही.

पाचव्या दिवशी मुलीने सांगितलं, पिशवीत एक गोळी जवळजवळ अख्खी निघाली. नजर असावी तर अशी. हळूहळू विरघळणाऱ्या आणि जाड आवरणाच्या गोळ्या आतड्यातला लांब प्रवास गृहीत धरून बनवलेल्या असतात. इलिओस्टॉमीत तो रस्ताच अर्धवट राहतो. ती गोळी कोणती, याची आम्ही डॉक्टरांकडे विचारणा केली आणि ती बदलून मिळाली. पण डब्यातल्या बाकीच्या गोळ्यांबद्दल तोच प्रश्न विचारावा, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

वही मी चौथ्या दिवशी पाहिली. दिवसाची बेरीज ६५०, ७००, ६०० मिलीलीटर. सुरुवातीच्या दिवसांत इलिओस्टॉमीतून लिटरभर किंवा त्याहून जास्तही येतं आणि नंतर ते पाचशे ते आठशेच्या आसपास स्थिरावतं. हे आकडे पाहून मी म्हणाले, "छान चाललंय." रात्री साडेदहा ते सकाळी सहा हा रकाना रोज कोरा होता. त्याकडे माझं लक्ष गेलंच नाही. रात्री प्रमाण कमी होतं, पण ते आठ तास थांबून राहत नाही. हे मला माहीत होतं, तरी वही वाचताना मी फक्त लिहिलेलं वाचलं.

नववा दिवस

सकाळी सात वाजता मुलीचा फोन आला. काका उठून उभे राहताना कोसळता कोसळता वाचले होते. पोटऱ्यांत गोळे येत होते. रात्रीपासून लघवी एकदाच झाली, तीही गडद. बोलताना शब्द चुकत होते. मी पोहोचले तेव्हा रक्तदाब ९२/५८ आणि नाडी ११२. ताप नव्हता, पोट मऊ होतं. मी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं. डिस्चार्जच्या दिवसापेक्षा ३.४ किलो कमी. एका आठवड्यात या वयाच्या माणसाची एवढी चरबी झडत नाही. हे गेलेलं पाणी होतं.

रुग्णालयात रक्तातलं क्रिएटिनिन २.६ आलं. मूत्रपिंडांचं काम मंदावलं की हा आकडा वाढतो. शस्त्रक्रियेआधी ते ०.९ होतं. चार दिवस सलाइन लावावं लागलं. इलिओस्टॉमीनंतर पुन्हा दाखल व्हावं लागण्याच्या कारणांत शरीरातलं पाणी कमी होणं हे फार नेहमीचं कारण आहे. त्यात अनपेक्षित असं काही नाही, आणि म्हणूनच ते आमच्या नजरेतून निसटायला नको होतं.

मोठं आतडं दिवसाला साधारण लिटर ते दीड लिटर पाणी आणि त्याबरोबर मीठ परत शोषून घेतं. इलिओस्टॉमीत ते काम बंद असतं. पिशवीत येणाऱ्या एका लिटरमध्ये जवळपास सहा ग्रॅम मिठाइतकं सोडियम जातं. माणसाला तहान लागते आणि तो साधं पाणी पितो. लहान आतड्याच्या वरच्या भागात साधं पाणी पोहोचलं की शरीरातलं सोडियम त्या पाण्यात ओढलं जातं, आणि पाणी व मीठ दोन्ही पिशवीत येतात. पिणं वाढलं की पिशवी आणखी भरते, पिशवी भरली की तहान आणखी वाढते. उशाशी ठेवलेला तो तांब्या काकू रात्री दोनदा भरत होत्या.

दुसरं कारण औषधांच्या डब्यात होतं. काका दहा वर्षांपासून रक्तदाबाची एकच गोळी घेत होते. ती जोडगोळी होती, तिच्यात लघवी वाढवणारं औषधही होतं. डिस्चार्ज कार्डावर "पूर्वीची औषधं चालू ठेवणे" असं लिहिलेलं होतं, आणि काकूंनी ती न चुकता दिली. पिशवीतून पाणी जात असताना लघवीतूनही ते काढलं जात होतं. रक्तदाबाची काही औषधं, वेदनाशामक गोळ्यांचे काही प्रकार आणि मधुमेहाचं एक नेहमीचं औषध, या सगळ्यांबाबत शरीर कोरडं पडत असताना डॉक्टरांचा नव्याने निर्णय लागतो. कार्डावरची ती ओळ वाचून मी फोन उचलायला हवा होता.

कोऱ्या रकान्याचा उलगडा

दाखल झाल्याच्या पहिल्या रात्री वॉर्डातल्या नर्सने मोजलं. चोवीस तासांत १९०० मिलीलीटर, त्यातले ८०० रात्री दहा ते सकाळी सहा. घरच्या वहीत त्या तासांना काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी जेवायला गेली असताना मी काकांना विचारलं, "रात्री पिशवी कोण रिकामी करायचं?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मीच. पोरगी दिवसभर राबते, तिला कशाला उठवायचं?" भिंतीला धरून जायचे, दिवा न लावता. थोड्या वेळाने आणखी एक वाक्य आलं: "आणि सिस्टर, तिने लहानपणी मला असं कधी पाहिलेलं नाही."

कर्करोगातून उठलेल्या माणसाचं दुखणं जखमेत किती असतं आणि या वाक्यात किती असतं, हे मला मोजता येणार नाही. इतकं मात्र कळलं की आमच्या साऱ्या आखणीत काकांना कुठलंच काम दिलेलं नव्हतं. काळजी घेणारे ठरले होते, वेळा ठरल्या होत्या. ज्यांच्या शरीराबद्दल हे सगळं चाललं होतं, त्यांनी फक्त पडून राहायचं होतं. मग रात्री जे थोडंफार त्यांच्या हातात होतं ते त्यांनी स्वतःकडे ठेवलं, आणि तिथेच आमची नोंद आंधळी झाली. त्यांनी लपवलं असं मी म्हणत नाही. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

दुसरी आखणी

या वेळी पहिला प्रश्न काकांना: "तुम्हाला कोणाकडून काय करून घेणं चालेल?" उत्तर अगदी स्पष्ट होतं. इंजेक्शन मुलीने द्यावं. औषधं पत्नीने द्यावीत. पिशवी आणि अंघोळ मुलीने करू नये. स्वतःला जमेपर्यंत एखादा पुरुष मदतनीस असावा. रात्री कोणी जागत बसू नये.

त्यावरून पुढचं सगळं ठरलं. रात्रीसाठी एक मदतनीस बारा दिवस ठेवला. त्याच्या कामाची हद्द आम्ही पहिल्याच संध्याकाळी त्याच्यासमोर आणि घरच्यांसमोर बोलून घेतली: उठताना आधार, पिशवी रिकामी करायला मदत, मोजणं, लिहिणं. इंजेक्शन नाही, औषध नाही, "बरं वाटतंय का" यावरून काही ठरवणं नाही. माणूस ठेवला की घरचे हळूहळू सगळंच त्याच्यावर सोडतात, आणि त्यालाही नाही म्हणता येत नाही. तो प्रशिक्षित नर्स नाही, हे त्याच्याही भल्यासाठी आधी बोललेलं बरं.

न्हाणीघरात खुणा असलेला मोजपात्राचा डबा आणि दोरीला बांधलेली पेन्सिल ठेवली. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, पात्रावरची खूण बघायची आणि भिंतीवरच्या कागदावर आकडा लिहायचा. पहिल्या दोन रात्री मदतनीसाने लिहिलं. तिसऱ्या रात्रीपासून अक्षर काकांचं होतं, थोडं वाकडं, पण वेळेसकट.

वजन रोज सकाळी, पिशवी रिकामी केल्यावर, त्याच काट्यावर आणि तेवढ्याच कपड्यांत. पिशवीची एखादी नोंद चुकू शकते, विसरली जाऊ शकते, कोणाला उठवू नये म्हणून गाळली जाऊ शकते. काटा मात्र आदल्या दिवसाचं सगळं एका आकड्यात सांगतो. एका रात्रीत किलोभर उतरलं तर साधारण लिटरभर पाणी गेलं. काटा घरात पहिल्यापासून होता, पलंगाखाली.

पिण्याचं वेळापत्रक डॉक्टरांनी बदललं. ओआरएसचं द्रावण ठरलेल्या प्रमाणात, दिवसभर घोट घोट. इतर पातळ पदार्थांवर मर्यादा. जुलाब आवरणारी गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी. रक्तदाबाची ती जोडगोळी बंद केली. यातलं प्रत्येक प्रमाण त्यांच्या तपासणीवरून ठरलं होतं, ते दुसऱ्या कोणाला जसंच्या तसं लागू होणार नाही. साधं पाणी मर्यादित ठेवायचं, हे घरच्यांच्या गळी उतरवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. तहानलेल्या माणसाला पाणी देऊ नका म्हणणं कोणाच्याही मनाला पटत नाही. काकूंना मी शेजारी बसवून कागदावर आतड्याचं चित्र काढून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मीच..." आणि थांबल्या. मी त्यांना सांगितलं ते खरंच होतं: त्यांनी दिलेलं पाणी चुकीचं ठरलं, कारण पाण्याबद्दल त्यांना सांगणं माझं काम होतं आणि ते मी केलेलं नव्हतं. त्या दिवसापासून तांब्याच्या जागी ओआरएसची खूण केलेली बाटली आली, आणि ती भरायचं काम त्यांनी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही.

मुलाला लांबूनच करता येईल असं खरं काम मिळालं. त्याने सगळ्या औषधांची एकच यादी केली. नाव, कशासाठी, कोणी सुरू केलं, आता चालू की बंद. प्रत्येक गोळी त्याने डॉक्टरांकडून तपासून घेतली. पिशव्यांचा साठा, तपासणीच्या तारखा, दवाखान्याशी फोन, हे सगळं त्याच्याकडे गेलं. संध्याकाळी भिंतीवरच्या कागदाचा फोटो त्याला जायचा. फोनवरचा त्याचा प्रश्नही बदलला. "बाबा कसे आहेत?" ऐवजी "आज सकाळी वजन किती?" या प्रश्नाला "बरे आहेत" असं उत्तर देता येत नाही.

आणि कधी कोणाला फोन करायचा, हे आकड्यांत लिहून दारामागे लावलं. दिवसाचं प्रमाण १२०० च्या वर गेलं तर त्याच दिवशी मला. १५०० च्या वर गेलं, एका दिवसात वजन किलोभर उतरलं, उभं राहताना चक्कर आली किंवा आठ तास लघवी झाली नाही, तर थेट डॉक्टरांना, सकाळची वाट न बघता. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला किंवा सहा तास पिशवीत काहीच न येता पोट फुगलं, उलटी झाली, तरीही तेच. ही वेळ आली तर फोन कोण करणार, हेही लिहिलं: जो जागा असेल तो. कोणाची परवानगी लागणार नाही.

पुढचे आठवडे

सहा दिवसांत प्रमाण ८०० ते ९०० वर आलं. दहाव्या दिवशी क्रिएटिनिन १.१. वजन सावकाश भरत गेलं.

मध्ये स्टोमाभोवतीची कातडी लाल झाली आणि जळजळू लागली. शस्त्रक्रियेची सूज ओसरते तसा स्टोमा सहा ते आठ आठवडे आकसत जातो. डिस्चार्जच्या वेळी पिशवीचं भोक ४० मिलीमीटरचं कापलं होतं, आणि स्टोमा आता ३२ चा झाला होता. मधल्या उघड्या कडेवर आतड्यातला पाचक रस पडत होता. स्टोमापेक्षा दोन-तीन मिलीमीटरच मोठं भोक कापायचं आणि दर वेळी आधी मापायचं, एवढं केल्यावर चार दिवसांत कातडी सुधारली. मापायची पट्टी काकांनी स्वतःच्या खिशात ठेवायला सुरुवात केली.

मुलीबद्दल थोडं सांगायला हवं. मदतनीस येईपर्यंत ती एकदाही सलग पाच तास झोपली नव्हती, आणि हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. बाप रात्री तिला न उठवता उठत होता. ती मात्र भिंतीपलीकडे, कधीही हाक येईल म्हणून कान लावून अर्धवट जागी असायची. दोघं एकमेकांना जपत होते आणि दोघांचीही झोप मोडत होती. मदतनीस आल्यानंतरच्या पहिल्या रात्री ती नऊ तास झोपली. इंजेक्शनं संपली त्या दिवशी तिने मला विचारलं, "यात मी कमी पडले का?" तिने घरी एकवीसपैकी तेरा इंजेक्शनं स्वतःच्या हाताने दिली होती, एकही न चुकवता. पहिली तीन माझी, चार रुग्णालयात झाली, शेवटचं काकांनी स्वतः घेतलं. हे सगळं मी तिच्यासमोर मोजून दाखवलं.

शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी द्यायची असेल तर ती साधारण सहा ते आठ आठवड्यांत सुरू व्हावी, असं पाहिलं जातं. मूत्रपिंडं सावरलेली नसती तर ती लांबली असती. सातव्या आठवड्यात ती सुरू झाली. मदतनीस तोवर गेला होता. पिशवी काका एकटे बदलत होते, दार लावून.

केमोथेरपी संपल्यावर इलिओस्टॉमी बंद केली. घरच्यांना वाटलं आता सुटलो. पण गुदाशयाचा साठवणारा भाग काढलेला असतो, त्यामुळे सुरुवातीचे काही महिने दिवसातून अनेकदा, थोडं थोडं, घाईने शौचाला जावं लागतं. हे मी या वेळी बंद करण्याच्या शस्त्रक्रियेआधीच सांगितलं, आणि तिघांना वेगवेगळं नाही तर चौघांना एकत्र बसवून. काका म्हणाले, "मग वही मला द्या. पहिला रकाना रात्रीचा ठेवतो." आणि त्यांनी तसाच आखला.